ऱ्हस्व कसं टाइप करायचं? पवई, जुहू आणि आपल्या वर्गाची गोष्ट

शिक्षकांसाठी उपयोगी तंत्रज्ञान म्हटलं की स्मार्ट बोर्ड, क्विझची ॲप, एआय अशी यादी सुरू होते. आज मी त्या यादीच्या आधीची गोष्ट सांगणार आहे. मराठी शाळेतल्या शिक्षकाला सगळ्यात आधी काय लागतं? मराठी अक्षर. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या मोबाइलवर तसंच उघडेल, असं अक्षर. हे साधं वाटतं, पण त्याला काही दशकं लागली. आणि त्यातलं महत्त्वाचं काम आपल्याच उपनगरांत, पवईला आणि जुहूला झालं.

सुरुवात टाइपरायटरपासून करू. १९५५ साली गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. आज विक्रोळीशी जोडलेलं हे नाव तेव्हा ऑफिसाऑफिसांत पोचलं. मराठी टाइपरायटरची अडचण अशी की कळा मोजक्या आणि जोडाक्षरं अगणित. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले: अर्धा त वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी. टायपिस्टची बोटं हे तुकडे जोडायला शिकली. शाळेत मात्र प्रश्नपत्रिका म्हणजे स्टेन्सिल आणि सायक्लोस्टाइल. हाताला शाई लागायची, पण कागदावर उमटलेलं अक्षर कागदावरच राहायचं, बदलायचं नाही.

कॉम्प्युटर आला आणि दोन वाटा फुटल्या. एक वाट प्रमाणीकरणाची. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्डचा आराखडा ठरला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक जाहीर झालं, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. त्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती.

दुसरी वाट सोयीची. शिवाजी, किरण, श्री-लिपी असे फॉन्ट आले आणि डीटीपीवाल्यांनी, शाळांनी ते आनंदानं वापरले. त्या काळात त्यांनी मराठी छपाई सांभाळली, हे मान्यच करायला हवं. पण आतली गंमत समजून घ्या. त्या प्रकारच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत असता, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो आणि खाली उरतात इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. फॉन्ट कुठलाही लावा, क हा क च राहतो.

पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर पडद्यावर नीट दिसत नाही. जोडाक्षर कसं जुळावं, मात्रा कुठे बसावी, हे कुणीतरी रेखाटावं लागतं. इथे पवई येते. आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या विभागात, र. कृ. जोशी होते. सुलेखनकार, अक्षरांवर जीव असलेला माणूस. पुढे त्यांनी जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत काम केलं, जी नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोज २००० बरोबर जो ‘मंगल’ फॉन्ट घरोघर पोचला, तो त्यांचा. २००८ मध्ये ते गेले. तुमच्या शाळेच्या ऑफिसातल्या जुन्या पत्रांवर त्यांचं अक्षर आजही असेल.

याचं महत्त्व मला कळलं ते मुलुंडच्या एका निवृत्त बाईंमुळे. त्यांनी वीस वर्षांच्या कृतिपत्रिका, निबंधांचे विषय, व्याकरणाचे सराव सीडीवर जपून ठेवले होते. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडल्या तर एक ओळ वाचता येईना. मजकूर गेला नव्हता, पण तो वाचण्याची किल्ली हरवली होती. अशी खजिन्याची पेटी आपल्या बऱ्याच शाळांत पडून आहे.

आता ऱ्हस्वाकडे येऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा फरक मराठीचा खास, त्यासाठी युनिकोडमध्ये ऱ वेगळा आहे. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्तासाठी डी, मग ह साठी यू. झाला ऱ्ह. आणखी एक फायदा: इन्स्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी सारखीच. घाटकोपरच्या गुजराती शाळेतल्या बाईंना क त्याच कळेवर सापडतो. मोबाइलसाठी आयडीसीनंच स्वरचक्र हा कीबोर्ड केला होता: व्यंजनाला बोट लावलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडायचं.

पहिलीच्या शिक्षकांनी फॉन्टकडेही बघावं. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श असतात. मूल पुस्तकात एक ल बघतं आणि कृतिपत्रिकेत दुसराच, मग ते गोंधळणारच. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मराठीसाठीच केलेला आहे आणि मोफत मिळतो.

मग करायचं काय?

एक, जुन्या फाइलमधली ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड, कचरा दिसला तर जुना फॉन्ट.

दोन, जुन्या फॉन्टचं नाव लिहून ठेवा. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फॉन्टनुसार वेगळी असतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला.

तीन, फक्त छापील प्रत उरली असेल तर तिचा स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो, मुद्रितशोधन मात्र तुमचंच.

चार, टायपिंगचा कंटाळा असेल तर डॉक्समध्ये मराठी निवडून बोला. विरामचिन्हं नंतर घाला.

पाच, पीडीएफ पालकांना पाठवा, पण मूळ फाइल जपा. पीडीएफ दिसायला छान असते, आतला मजकूर जुन्या फॉन्टचा असेल तर शोधताही येत नाही आणि वाचूनही दाखवता येत नाही.

हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. दृष्टिहीन मुलाचा मोबाइल युनिकोड मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो, मुखवट्यामागचा नाही. वर्गात तसं एक जरी मूल असेल, तरी हे काम यंदाच करायला हवं.

दिवाळीच्या सुट्टीत एकच फाइल घ्या, सगळ्यात लाडकी. ती जमली की बाकीच्या हळूहळू होतील. आणि शाळेत कुणी निवृत्त होत असेल, तर निरोप समारंभाआधी त्यांच्या पेनड्राइव्हची चौकशी जरूर करा. भेटू पुढच्या भागात.