तुंब्यावरची तबकडी

डिस्क ब्रेकचा इतिहास सांगताना बहुधा पॅडचा, म्हणजे फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या घर्षणपट्ट्यांचा, इतिहास सांगितला जातो. मालमोटारी आणि बसगाड्या यांच्यापुरते पाहिले, तर घोडे पॅडपाशी जितके अडले त्याहून अधिक काळ ते तबकडी आणि हब यांच्या सांध्यापाशी अडले होते. हब म्हणजे चाकाचा मध्यभाग, बैलगाडीच्या चाकात ज्याला तुंबा म्हणतात तो. आसाच्या टोकाशी तो बेअरिंगवर फिरतो आणि चाक व तबकडी ही दोन्ही त्यालाच जखडलेली असतात. चाक रोखणारे सगळे बळ या सांध्यातून जाते, आणि तापून फुगणाऱ्या तबकडीला अडवायचे की मोकळीक द्यायची, याचा निकालही तिथेच लागतो.

मोटारीच्या चाकाशी तबकडी जोडून तिची कड जबड्यात धरण्याच्या कल्पनेचे पेटंट बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. त्यांनी घर्षणासाठी तांबे वापरले. ते धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजे आणि धातूवर धातू घासल्याने कर्कश आवाजही होई. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. त्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ पिंपाच्या आतून अर्धवर्तुळाकार ‘शू’ बाहेरच्या दिशेने दाबले जातात. हा ब्रेक धुळीपासून झाकलेला होता, शिवाय पिंपाच्या फिरण्यानेच एक शू अधिक घट्ट दाबला जात असल्याने थोड्या जोरात मोठे काम होई. तबकडी त्यामुळे जवळपास अर्धे शतक मागे पडली. विमानांच्या चाकांवर मात्र ती रुळली आणि तिथला अनुभव घेऊन डनलॉप कंपनीने जॅग्वारच्या सी-टाइप शर्यती गाडीला दिलेल्या डिस्क ब्रेकमुळे १९५३ ची ‘ल माँ’ची चोवीस तासांची शर्यत गाजली. दोन वर्षांनी आलेल्या सित्रोएनच्या डीएस मोटारीत पुढच्या तबकड्या चाकात नव्हत्याच, त्या आत, गिअरपेटीजवळ होत्या. म्हणजे तबकडी हबवरच बसावी, हे आजच्याइतके तेव्हा गृहीत नव्हते.

हलक्या गाड्यांनी तबकडी स्वीकारली तरी मालमोटारी थांबून राहिल्या, आणि त्याची कारणे सबळ होती. तबकडीला ड्रमसारखी आपोआप वाढणाऱ्या दाबाची मदत मिळत नाही, त्यामुळे पॅड फार मोठ्या बळाने दाबावे लागतात. मोटारीत हे काम तेलाचा प्रचंड दाब करतो. अवजड वाहनात मात्र हवा असते आणि तिचा दाब आठ-दहा बारच्या पलीकडे सहसा जात नाही. हवेच्या डब्यातून येणारा जोर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या जबड्याच्या, आतल्या तरफेने सुमारे पंधरा पट करायचा आणि हे सारे साडेबावीस इंची चाकाच्या पोकळीत बसवायचे, ही अडचण सुटायला वेळ लागला. दुसरी अडचण उष्णतेची. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी ४० टनांची मालमोटार थांबवताना जवळजवळ एक कोटी जूल ऊर्जा निघते. तेवढ्यात सुमारे ३० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल, आणि हे सारे घडते काही सेकंदांत.

ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि ब्रेक मंदावतो. तबकडीची जाडी उलट पॅडच्या दिशेने वाढते, हा तिचा मोठा गुण. पण तिचा व्यासही वाढतो, आणि खरी कुरबूर तिथे सुरू होते. सुमारे ४३० मिलिमीटर व्यासाची बिडाची तबकडी पाचशे अंशांनी तापली, तर तिचा व्यास दोन मिलिमीटरहून अधिक वाढतो. लोहार धाव लाल करून लाकडी चाकावर चढवतो तेव्हा लोखंडाचे हे फुगणे त्याच्या उपयोगी पडते; इथे नेमके तेच आड येते. सुरुवातीच्या रचनेत तबकडीच्या एका बाजूला उंच टोपीसारखा गळा ओतलेला असे आणि तो बोल्टांनी हबला पक्का आवळला जाई. बाहेरचे कडे तापून पसरू पाहते, थंड हबला जखडलेला गळा त्याला पसरू देत नाही, आणि हा गळा एकाच बाजूला असल्यामुळे सपाट तबकडी किंचित शंकूसारखी वाकते. मग पॅड सर्वत्र सारखा टेकत नाही. शिवाय तापलेला पृष्ठभाग दाबला जाऊन आखूड होतो आणि थंड होताना ताणला जातो. असे हजारदा झाले की मध्यापासून कडेकडे भेगा धावतात. तबकडी बदलायची तर हब उतरवा, बेअरिंग काढा, ग्रीस आणि सील नवे घाला, हा खटाटोप वेगळाच. अमेरिकेत १९८० च्या दशकात आलेली हवेवर चालणारी पहिली डिस्क ब्रेक पिढी बाजारात टिकली नाही, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

युरोपात चित्र पालटले ते १९९६ मध्ये, मर्सिडीज-बेंझची अ‍ॅक्ट्रॉस सर्व चाकांवर डिस्क ब्रेक आणि ब्रेकची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणव्यवस्था घेऊन आली तेव्हा. सांध्याचा प्रश्न सोडवणारी रचना मात्र दातेरी तबकडीची. तिच्या आतल्या कडेला दाते असतात, हबवर त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात. फिरवण्याचे बळ दात्यांतून जाते, आत-बाहेर सरकणे कड्या आणि पट्ट्या रोखतात, आणि दात्यांच्या टोकांशी ठेवलेल्या फटीमुळे तबकडी सर्व बाजूंनी मोकळेपणाने फुगते. गळाच नसल्याने शंकूसारखे वाकण्याचे कारणही उरत नाही. गळ्याची तबकडी आजही बनते, कारण ती साधी व स्वस्त पडते. तरी अभियांत्रिकीच्या कसोटीवर दातेरी रचनाच उजवी आहे. अमेरिकेत २००९ मध्ये ट्रेलर ओढणाऱ्या बहुतेक भारित ट्रॅक्टर-मालमोटारींसाठी ताशी ६० मैलांवरून थांबण्याचे कमाल अंतर ३५५ फुटांवरून २५० फुटांवर आणणारा नियम झाला, तेव्हाही अनेक उत्पादकांनी आधी मोठे ड्रम बसवून वेळ मारून नेली, ही गोष्ट वेगळी.

बसवणीचे काम दिसायला साधे, पण चोखंदळ असते. हबच्या बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढावा लागतो, कारण तिथे राहिलेली पातळ पापडीही बाहेरच्या कडेला तबकडीचे डोलणे वाढवते; मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क पान्याने ठरलेल्या बळापर्यंत आवळायचे आणि डायल गेज लावून तबकडी एक पूर्ण फेरी फिरवून पाहायची. नवी तबकडी साधारण ४५ मिलिमीटर जाड असते आणि ३७ मिलिमीटरवर ती बाद ठरते; एक बदलली की त्याच आसावरची दुसरीही बदलावी लागते, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

भारतीय रेल्वेच्या एलएचबी डब्यांत तबकड्या चाकाऐवजी आसावरच बसवलेल्या असतात आणि तिथे त्या सर्रास झाल्या आहेत. रस्त्यावरच्या मालमोटारींत मात्र अजून ड्रमचेच राज्य आहे; तबकडी दिसते ती मुख्यतः लांब पल्ल्याच्या महागड्या बसगाड्यांत. ड्रम स्वस्त आहे आणि तो कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होतो, हे युक्तिवाद खोटे नाहीत. पण भरलेली मालमोटार कसारा घाट उतरत असताना ज्या ब्रेकची पकड तापल्यावर सुटत जाते, त्याची निवड निव्वळ खरेदीच्या किमतीवर करणे हा हिशेब अपुरा आहे.