कायद्यांतून सुटलेला वळू

मुक्या जनावरांवर दया करावी असें सांगणारे ग्रंथ सर्व देशांत आहेत. परंतु धन्यालाही आपलें गुरूं हवें तसें मारतां येणार नाहीं, हें कायद्यानें सांगणें ही फार निराळी गोष्ट होय. इंग्लंडांत ती इ. स. १८२२ सालीं घडली. तोंपर्यंत तेथें दुसऱ्याचा बैल जायबंदी करणें हा गुन्हा होता खरा. पण अपराध घडे तो धन्याचा, बैलाचा नव्हे.

१८०९ सालीं लॉर्ड अर्स्किन यांचें बिल उमरावांच्या सभेंत पास होऊन कॉमन्स सभेंत पडलें. अखेर गॉल्वेचे सभासद रिचर्ड मार्टिन यांनीं यश मिळविलें. हे गृहस्थ द्वंद्वयुद्धांबद्दल प्रसिद्ध होते. दयेचा कैवार सौम्य माणसेंच घेतात असें समजण्याचें कारण नाहीं. घोडा, खेंचर, गाढव, बैल, गाय, मेंढी 'व इतर गुरें' यांस निष्ठुरपणें मारणारास दहा शिलिंगांपासून पांच पौंडांपर्यंत दंड, व तो न भरल्यास तुरुंग, असा हा कायदा होता.

आतां मौज अशी कीं, या यादींत वळूचें नांवच नव्हतें. 'इतर गुरें' म्हटल्यावर वळू आलाच, असें कोणीही शेतकरी सांगेल; न्यायाधीशांनीं तें मानलें नाहीं. त्यामुळें गाईला निर्दयपणें झोडपणारा दंडास पात्र, आणि वळूला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडणारे मोकळे! आम्हांस हा केवळ मसुद्यांतला प्रमाद वाटत नाहीं. नांगराच्या, दुधाच्या, ओझ्याच्या जनावराची कींव करण्यास फारशी हरकत नव्हती. लोकांच्या करमणुकीस हात घालण्याचें धैर्य मात्र सभागृहास नव्हतें. वळूंच्या या खेळाविरुद्धचें बिल १८०० सालींच फेटाळलें गेलें होतें. (आपल्या १९६० च्या कायद्यानें 'मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी' अशी व्याख्या करून यादीची ही अडचणच काढून टाकली.)

शिवाय फिर्याद करावयाची कोणीं? मार्टिन स्वतः लंडनच्या स्मिथफील्ड बाजारांत हिंडून गुन्हेगारांस न्यायासनापुढें आणीत. १८२४ सालीं याच कामासाठीं एक मंडळी निघाली. तिचे पहिले चिटणीस रेव्हरंड आर्थर ब्रूम यांस मंडळीच्या कर्जापायीं १८२६ सालीं तुरुंगांत जावें लागलें. पुढें मार्टिन यांचीही पार्लमेंटांतील जागा गेली, आणि सावकारांच्या धाकानें त्यांनीं फ्रान्सांत बूलोन येथें आश्रय घेतला. तेथेंच १८३४ सालीं ते वारले. वळूचें नांव कायद्यांत आलें तें १८३५ सालीं.