चोवीस तासांचं पाणी

शनिवार, १४ फेब्रुवारी १९४२. सकाळी १०. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हलना सांगतात : पाणी फार तर ४८ तास, कदाचित २४च. पंप चालू आहेत, पण बॉम्बनी फोडलेल्या नळांतून निम्म्याहून जास्त पाणी सिंगापूरच्या रस्त्यांवर वाहतंय. निर्वासितांसह शहरात आता दहा लाखांच्या आसपास माणसं आहेत.

दुपार. जपानी सैनिक अलेक्झांड्रा रुग्णालयात घुसतात. डॉक्टर, रुग्ण, कुणाचीच गय करत नाहीत.

रविवार, १५. चिनी नववर्षाचा पहिला दिवस.

सकाळी ९.३०. फोर्ट कॅनिंगच्या भूमिगत मुख्यालयात बैठक. प्रतिहल्ला करून बुकित तिमाहची अन्नकोठारं आणि जलाशय परत घ्यायचे, की शरण जायचं? प्रतिहल्ल्याला एकही सेनानी तयार नाही. पाचच दिवसांपूर्वी चर्चिलनी बजावलं होतं : शेवटपर्यंत लढा, सेनापतींनी सैनिकांसोबत मरावं. आज मात्र पर्सिव्हलचे वरिष्ठ सेनापती वेव्हेल यांची तार आली आहे. लढणं अशक्य झालं तर थांबायला मुभा आहे.

११.३०. पांढरं निशाण आणि युनियन जॅक घेऊन शिष्टमंडळ मोटारीने बुकित तिमाह रस्त्याला लागतं. जपान्यांचा निरोप मिळतो : पर्सिव्हलनी स्वतः यावं.

सायंकाळी ५.१५. फोर्ड कंपनीचा मोटार कारखाना. टेबलाच्या एका बाजूला जपानी सेनापती यामाशिता. त्यांच्याकडे सैन्य सुमारे ३० हजार, शत्रू तिपटीहून जास्त आणि तोफगोळे संपत आलेले. ती सगळी बाजी हूल होती, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. पर्सिव्हल मुदत मागतात. यामाशितांना वेळच नको आहे. वेळ मिळाला तर ब्रिटिश मोजदाद करतील. म्हणून आवाज चढतो : हो की नाही? नाही म्हणालात तर रात्री हल्ला.

पर्सिव्हलना भित्रा ठरवणं सोपं आहे. समोरच्याचं कोठार रिकामं होत आलंय हे त्यांना ठाऊक असतं, तरी नळाला पाणी आलं नसतं. दोष असलाच तर आधीच्या महिन्यांचा : उत्तर किनाऱ्यावर मोर्चेबंदी केली तर लोकांचं मनोधैर्य खचेल, म्हणून ती टाळणाऱ्या सेनापतीचा. तो सेनापतीही पर्सिव्हलच.

६.१०. सही.

८.३०. युद्धबंदी. १८१९ साली रॅफल्सनी वसवलेलं ब्रिटिश ठाणं जपानचं झालं. लवकरच त्याचं नाव 'स्योनान' होईल आणि घड्याळं टोकियोप्रमाणे दीड तास पुढे सरकतील.

मंगळवार, १७. फॅरर पार्कवर हजारो हिंदी युद्धकैदी जमवले जातात. ब्रिटिश अधिकारी त्यांना जपानी मेजर फुजिवारांच्या हवाली करतात आणि फुजिवारा कॅप्टन मोहनसिंगांच्या. आझाद हिंद फौजेची पहिली मोठी भरती इथूनच सुरू होते.

बुधवार, १८. चिनी पुरुषांच्या 'छाननी'चा हुकूम. १८ ते ५० वयाच्यांनी ठरल्या जागी हजर व्हायचं. काहींना शिक्का मारून घरी सोडतात. इतरांना ट्रकमध्ये घालून किनाऱ्यांवर नेतात आणि गोळ्या घालतात. किती मारले? जपानने सुमारे ५ हजार मान्य केले. चिनी समाज ५० हजारांपर्यंत आकडा सांगतो.