हाविएर, शाबिएर, झेवियर : नामविचाराची एक वाट

विशेषनामांचा अभ्यास म्हणजे अर्थांची यादी, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. बारसे जवळ आले की पुस्तक उघडायचे, अर्थ पाहायचा, पुस्तक मिटायचे. या अभ्यासात पहिले पाऊल टाकणाऱ्याला मी वेगळी सवय सुचवीन. एकच नाव धरावे आणि जिथे भेटेल तिथे त्याचा माग काढावा.

हाविएर हे स्पॅनिश नाव घ्या. डिसेंबर २०२३मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले हाविएर मिलेई, २००८ साली ऑस्कर मिळवणारे अभिनेते हाविएर बार्देम, १९८२ ते १९९१ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले पेरूचे हाविएर पेरेस दे क्वेयार. तिघांचे देश वेगळे, क्षेत्रे वेगळी. नाव मात्र एकाच ठिकाणाहून आले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे उत्तर स्पेनच्या नवारा प्रांतातील एक वाडा. बास्क भाषेतील ‘नवे घर’ या शब्दांवरून त्याला हाविएर म्हणू लागले. १५०६ साली तिथे फ्रान्सिस जन्मले. पुढे ते येशूसंघाच्या संस्थापकांपैकी एक झाले, १५४२ साली गोव्यात उतरले आणि १५५२ साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारले. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले आणि त्यांच्या नावातला गावाचा तुकडाच भाविक आपल्या मुलांना ठेवू लागले. गावावरून आडनाव पडणे आपल्याला नवे नाही, पण मुलाचे नाव कुणी ‘सातारकर’ ठेवत नाही. इथे तेच घडले. त्याच ‘नव्या घरा’तून निघालेले एचेव्हेरिया मात्र आडनावच राहिले. त्या घराण्यातून संत निघाला नाही, एवढाच फरक.

नावाचे राजकारण पाहायचे तर २०१० सालचा स्पेनचा विश्वविजेता फुटबॉल संघ पाहावा. त्यात कॅटलान शावी होता, बास्क शाबी आलोन्सो होता आणि कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, वळणाचे नाव घेतलेला हावी मार्तीनेस होता. तिन्ही एकाच नावाची लाडकी रूपे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १९३८ साली नोंदवहीत कास्तिलियन नावांचीच सक्ती केली होती. शावी १९८० साली जन्मला, शाबी १९८१ साली, म्हणजे फ्रँकोच्या मृत्यूनंतर. दहा वर्षे आधी जन्मते तर दोघांच्याही दाखल्यावर हाविएरच लागले असते. एका भाषेने दुसरीला किती जागा दिली, हे मोजायला जन्मनोंदीइतके प्रामाणिक साधन मला दुसरे ठाऊक नाही.

उच्चाराचा माग तर थेट आपल्या दारात येतो. फ्रान्सिस यांच्या काळी कास्तिलियनमध्येही या नावाच्या आरंभी ‘श’ होता. पुढे तो घशात उतरून ‘ह’कडे झुकला. पोर्तुगीजांनी ‘श’ सोडला नाही, म्हणून गोव्यात शावियेर. मुंबईत १८६९ साली सुरू झालेले महाविद्यालय मात्र इंग्रजी वळणाने झेवियर्स. आणि जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत, त्यांना भाविक बहुधा नावाने हाकच मारत नाहीत. ते ‘गोंयचो सायब’ म्हणतात. १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागणारेही हेच फ्रान्सिस, आणि ते न्यायालय १५६० साली खरोखर आले. नामविचार करणाऱ्याने यातले एक घेऊन दुसरे टाकू नये. त्याच नावाने कुणाच्या घरी मेणबत्ती लागते आणि कुणाला परागंदा झालेले पूर्वज आठवतात.

या अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, थडग्यांवरचे लेख, मतदारयाद्या आणि रोजचे वर्तमानपत्र पुरते. वसईपासून सुरुवात करता येईल. तिथे आधी पोर्तुगीज होते, मग मराठे आले, मग इंग्रज. एकाच कुटुंबाच्या चार पिढ्यांची नावे ओळीने उतरवून घ्या, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या लिपीत, कुणाच्या हातून लिहिले गेले तेही नोंदवा.