दोन आया

'आई' या शब्दाचे अनेकवचन करायची वेळ आपल्यावर क्वचितच येते. केलेच तर ते 'आया' होते, आणि 'आया' म्हणजे दुसऱ्याचे मूल सांभाळणारी बाई हाही अर्थ मराठीत चांगला रुळलेला आहे. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३४ साली काढलेल्या 'इमिटेशन ऑफ लाइफ' या बोलपटावर लिहायला बसले आणि हा शब्द पहिल्याच ओळीत आडवा आला. या चित्रपटात दोन आया आहेत, आणि त्यांतली एक दोन्ही अर्थांनी आया आहे.

मूळ कादंबरी फॅनी हर्स्ट यांची, १९३३ सालची. मुलांसाठी झिजणाऱ्या आईची गोष्ट त्या काळी अमेरिकेत हमखास चालत असे. मंदीने घरोघरी पुरुषांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि पदर खोचून उभी राहणारी बाई पडद्यावर बघायला लोक तिकीट काढत होते. (योगायोग असा की, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी 'श्यामची आई' लिहीत होते.) दिग्दर्शक जॉन एम. स्टॉल हे या जातीच्या चित्रपटांतले मुरलेले गृहस्थ. हर्स्टबाईंच्याच 'बॅक स्ट्रीट'वर त्यांनी १९३२ साली चित्रपट केला होता.

कथा थोडक्यात सांगते. बी पुलमन ही तरुण गोरी विधवा, पदरात जेसी नावाची लहान मुलगी. नवऱ्यामागे ती मेपलच्या झाडाचा पाक दारोदार विकते. एका सकाळी डिलायला ही काळी बाई चुकीच्या पत्त्यावर, म्हणजे बीच्या दारात, काम मागायला येते. तिलाही मुलगी आहे, पियोला, आणि पोर बरोबर असलेल्या बाईला कुणी कामावर ठेवत नाही. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण एवढ्यावर डिलायला राहते. ती पॅनकेक करते, आपल्या धिरड्याचा गोड चुलतभाऊ म्हणा. त्याची घराण्यात चालत आलेली कृती ती बीच्या कानात सांगते. बी समुद्रकाठच्या हमरस्त्यावर दुकान थाटते आणि काही वर्षांनी एक भुकेला, चतुर माणूस तिला सांगतो की पीठ डब्यांत भरून विका. डब्यावर डिलायलाचा हसरा चेहरा छापला जातो. दोघी न्यूयॉर्कच्या मोठ्या घरात राहायला जातात.

पुढे दोन्ही आयांवर त्यागाची वेळ येते. बी ज्याच्याशी लग्न करणार असते त्याच्याच प्रेमात जेसी पडते, तेव्हा मुलीला दुखवायचे नाही म्हणून बी लग्न पुढे ढकलते. बीचा त्याग एवढाच. क्लॉडेट कोल्बेरने तो झोकात केला आहे. त्या वर्षी उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या चित्रपटांपैकी तीन तिचे होते. पण नव्वद वर्षांनंतर हा चित्रपट कुणी बघत असेल तर तो कोल्बेरसाठी नव्हे. डिलायला आणि पियोला यांच्यासाठीच.

पियोला रंगाने गोरी आहे. तिचे वडील अतिशय उजळ रंगाचे काळे गृहस्थ होते, असा खुलासा डिलायला सुरुवातीलाच करते. या खुलाशामागे नुसती कथेची सोय नव्हती. जुलै १९३४ पासून हॉलिवूडची स्वतःची नीतिसंहिता कडकपणे लागू झाली आणि तिच्यात काळ्या-गोऱ्यांचा शरीरसंबंध दाखवायला सक्त मनाई होती. संहितेचे कार्यालय सांभाळणाऱ्या जोसेफ ब्रीन यांना गोऱ्या कातडीची काळी मुलगी हीच गोष्ट धोक्याची वाटत होती. ती मुलगी आली कुठून, हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात येणारच. तेव्हा उत्तर आधीच देऊन ठेवले गेले. ज्या मुलीचे अस्तित्वच आक्षेपार्ह, तिच्याभोवती हा चित्रपट उभा आहे.

बाहेरच्या जगात या प्रश्नाचा निकाल कागदावर लागलेला होता. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत मिश्रवर्णीयांसाठीचा वेगळा रकाना काढून टाकण्यात आला. काळ्या रक्ताचा अंश कितीही थोडा असो, माणसाची नोंद काळा म्हणूनच करायची, अशी सूचना गणकांना होती. व्हर्जिनियासारख्या राज्यात १९२४ च्या कायद्याने अशा माणसाने गोऱ्याशी लग्न करणे हा गुन्हा होता, आणि असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले ते १९६७ साली. म्हणजे पियोला आरशासमोर उभी राहून, मी गोरी नाही का, असे विचारते तेव्हा आरसा एक सांगत असतो आणि सरकारी दप्तर दुसरे.

पावसाचा प्रसंग सर्वांत अवघड. बाहेर मुसळधार पाऊस आहे म्हणून डिलायला मुलीचा रेनकोट आणि रबरी जोडे घेऊन शाळेत येते. वर्गात काळी मुलगी कुणी नाही, बाईंना खात्री आहे. पियोला पुस्तकाआड तोंड लपवते. आई तिला ओळखते, आणि तेवढ्यानेच सगळे संपते. पोरीने इतके दिवस जपलेले गुपित आईच्या मायेने फोडले. मेलोड्रामाला नावे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण मायेनेच घात होतो ही गोष्ट इतक्या कमी शब्दांत सांगायला दुसरा कोणता प्रकार आहे, मला माहीत नाही.

हा प्रसंग मी आईबरोबर पाहिला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी संगणकाच्या पडद्यापुढे बसून शेजारी पुटपुटत अर्थ सांगत होते. आईने अठ्ठावीस वर्षे खानावळ चालवली. पोरीवर ती चिडेल अशी माझी अटकळ होती. ती म्हणाली, "पोरीचं काय चुकलं गं? ती कुठं आईला टाकतेय, ती त्या शाळेला भितेय." यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत, त्यांतली पुष्कळ मी वाचली आहेत. इतके नेमके वाक्य त्यांत मला सापडले नव्हते.

आपल्याकडे या भीतीला जुने नाव आहे. काळ्या माणसाने गोरा म्हणून वावरणे याला अमेरिकेत 'पासिंग' म्हणतात, जणू फाटकातून नुसते पलीकडे जायचे आहे. मराठीत आपण 'जात चोरणे' म्हणतो. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती'. क्रियापद पाहा. जी गोष्ट आपलीच आहे, आणि जिच्यापायी फक्त मार मिळतो, ती लपवणाऱ्याला आपली भाषा चोर ठरवते. पियोलाही पडद्यावर चोरासारखीच वागवली जाते. पुढे ती एका उपाहारगृहात गल्ल्यावर बसते, आई शोधत येते तेव्हा ओळख नाकारते, आणि शेवटी घरी येऊन मागणे मागते की यापुढे रस्त्यात भेटलीस तरी मला ओळख दाखवू नकोस. डिलायला याने मोडते आणि अंथरूण धरते. मुलीसाठी आईपणच सोडून दे, असे या आईला सांगण्यात आले, आणि तिला ते जमले नाही. तिच्या त्यागाची सीमा तिथे आहे. चित्रपट मात्र तिला त्यागमूर्ती करून टाकतो, कारण त्यात प्रेक्षकांची सोय आहे.

ती सोय कुठे आहे, हे आईने दुसऱ्या एका प्रसंगात दाखवले. कंपनी काढताना बी डिलायलाला वीस टक्के हिस्सा देऊ करते. आता तुझे स्वतःचे घर होईल, मोटार येईल, असे सांगते. डिलायला घाबरते. मला घालवून देता का, मग तुमची आणि जेसीची काळजी कोण घेणार, असे विचारते. तिला हवा फक्त थाटाचा अंत्यविधी. सगळे हसतात. मीही पहिल्यांदा पाहताना थोडी हसले असेन. आई हसली नाही. "कृती तिची, तोंड तिचं, मग वीसच का?" असे म्हणून ती गप्प झाली.

आमच्या खानावळीत भाकरी करायला एक मावशी होत्या. गिऱ्हाईक यायचे ते त्यांच्या भाकरीसाठी, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पाटीवर नाव आईचे होते. मावशी सगळ्यांत शेवटी, मागच्या पडवीत जेवत. आईने त्यांना कधी वाईट वागवले नाही. दिवाळीला लुगडे, आजारपणात औषध. बीनेही डिलायलाला कधी वाईट वागवले नाही. नव्या घरात रात्री दोघी एकमेकींचा निरोप घेतात, तेव्हा बी जिन्याने वर जाते आणि डिलायला त्याच जिन्याने खाली. स्टॉल यांचा कॅमेरा दोघींना एकाच चौकटीत धरतो, त्यावर काही बोलत नाही.

चित्रपटाबाहेरही हाच जिना होता. डिलायलाचे काम केलेल्या लुईस बीव्हर्स यांनी एके काळी नटीच्या घरी मोलकरणीची नोकरी केली होती, आणि पडद्यावर आयुष्यभर बहुतेक मोलकरणीच केल्या. त्या वर्षी सहायक भूमिकांसाठी ऑस्कर नव्हतेच. ते सुरू झाले १९३६ च्या चित्रपटांपासून. पियोला झालेल्या फ्रेडी वॉशिंग्टन यांची गत निराळी. १९३३ च्या 'द एम्परर जोन्स'मध्ये पॉल रोबसनबरोबर काम करताना त्या गोऱ्या दिसतील या धास्तीने त्यांना काळा रंग फासण्यात आला होता. पियोला पाहून लोकांना वाटले की बाई स्वतःही वंश लपवत असणार. त्यांनी तो कधीच लपवला नाही. १९३७ साली काळ्या नटनट्यांची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या, पुढे वर्तमानपत्रात त्यांनी याच विषयांवर लिहिले. गोरी म्हणून वावरल्या असत्या तर कदाचित मोठ्या तारका झाल्या असत्या. हॉलिवूडमध्ये त्यांना पुन्हा अशी भूमिका मिळाली नाही.

काळ्या समीक्षकांनी हा चित्रपट निमूट स्वीकारला नाही. कवी स्टर्लिंग ब्राउन यांनी १९३५ साली 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकात त्यातल्या ठरीव साच्यांचा खरपूस समाचार घेतला, तेव्हा हर्स्टबाई रागावल्या आणि त्यांनी मासिकाला पत्र पाठवले. हर्स्टबाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. पण आभाराची अपेक्षा त्यांना होतीच. लँग्स्टन ह्यूज यांनी वाद न घालता १९३८ साली हार्लेममध्ये एक छोटी विडंबननाटिका लिहिली. तीत गोरी बाई काळ्या मालकिणीची सेवा करते. इतकेच केले तरी पुरले.

१९५९ साली डग्लस सर्क यांनी ही कथा पुन्हा केली. ती जास्त देखणी आहे, पण तिथे गोरी आई नटी झाली आणि काळ्या आईच्या हातातली कृतीच गेली. वीस टक्क्यांचा प्रश्नच उरला नाही. मला म्हणून जुनाच चित्रपट जास्त खरा वाटतो. त्याला उत्तर देता आलेले नाही, पण हिशेब त्याने पडद्यावर मांडून ठेवला.

डिलायलाला हवा होता तसा अंत्यविधी मिळतो. पांढरे घोडे, वाजंत्री, दुतर्फा गर्दी. पियोला गर्दीतून धावत येते आणि शवपेटीवर पडून रडते. श्यामही घरी पोचतो तेव्हा आई गेलेलीच असते, पण श्यामला आईचे नाव कधी लपवावे लागले नव्हते. या दृश्यात चित्रपटगृहे हुंदक्यांनी भरून जात असतील तर नवल नाही. माझेही डोळे भरून आले, आणि आपल्याला कसे रडवले जाते आहे हे कळत असूनही आले.

त्यानंतर मात्र चित्रपट बी आणि जेसीकडे परततो. बागेत बी मुलीला तिच्या लहानपणची गोष्ट सांगते, आंघोळीच्या वेळी ती खेळण्यातल्या बदकासाठी कसा हट्ट धरायची ती. सुरुवातही त्याच बदकाने झालेली असते. पडदा मिटतो.

"आणि ती दुसरी?" आईने विचारले.

"कॉलेजात परत गेली."

आई बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या मावशींना मुलगी होती का, हे मला आठवेना, म्हणून मी तिला विचारले.

"दोन होत्या," ती म्हणाली.