बारीक अक्षर आणि पडद्यावरचे पत्र

ई-मेल उघडावे आणि त्यातला मजकूर इतका बारीक निघावा की चष्मा असूनही मान पडद्याकडे न्यावी लागावी, हा अनुभव आता शाळांतही नवा राहिलेला नाही. परिपत्रक, परीक्षेची सूचना, पालकांचे पत्र, सारे याच वाटेने येते. उपाय विचारला तर कोणीही सांगेल, 'अक्षर मोठे करा.' उपाय बरोबर आहे, पण तो सगळ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. गेल्या दीडशे वर्षांत नेत्रवैद्य, टाइप घडवणारे कारागीर आणि संगणकशास्त्रज्ञ अशा तीन प्रकारच्या लोकांनी बारीक अक्षराचा विचार केला. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. बारीक अक्षर म्हणजे मोठ्या अक्षराची लहान केलेली प्रत नसते. ते त्या आकारासाठी आणि ते उमटवणाऱ्या साधनासाठी वेगळे घडवावे लागते. आपल्या देवनागरीच्या बाबतीत ही गोष्ट पडद्यावर उशिरा उतरली, म्हणून हा इतिहास समजून घेणे आपल्याला अधिक गरजेचे आहे.

डोळ्याची मर्यादा

नेत्रतपासणीचा जो तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे, तो नेदरलँड्समधील हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. त्यांची कल्पना अशी, की अक्षराची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये न मोजता ते डोळ्याशी किती कोन करते ते मोजावे. निकोप डोळ्याला ५ कला, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करणारे अक्षर ओळखता आले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. गणित करून पाहिले तर ४० सेंटीमीटर अंतरावर हे अक्षर जेमतेम ०.५८ मिलिमीटर उंच भरते.

पण अक्षर ओळखता येणे वेगळे आणि मजकूर सुखाने वाचता येणे वेगळे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन लेग आणि टाइपरचनाकार चार्ल्स बिगेलो यांनी २०११ मध्ये या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यांच्या निष्कर्षानुसार वाचनाचा वेग पूर्ण राहण्यासाठी रोमन अक्षराच्या मधल्या भागाने निदान ०.२ अंशाचा कोन करायला हवा. मधला भाग म्हणजे, ज्याला वर दांडा नाही आणि खाली शेपूट नाही अशा 'एक्स'सारख्या छोट्या अक्षराची उंची. ४० सेंटीमीटरवर ही उंची १.४ मिलिमीटर येते. टाइप याहून लहान झाला की वाचनाचा वेग झपाट्याने घसरतो. मोठा झाला तर बराच काळ काही फरक पडत नाही. म्हणजे अक्षर वाढवत राहण्यापेक्षा ते या उंबरठ्याच्या खाली जाऊ न देणे महत्त्वाचे.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि वाचणारा कागद दूर धरू लागतो. त्यामुळे प्रतिमा स्पष्ट होते खरी, पण अंतर वाढल्याने अक्षराचा कोन लहान होतो. एका अडचणीतून सुटताना माणूस दुसरीत सापडतो. शिक्षकांच्या खोलीत हात लांब करून सूचना वाचणारे सहकारी नेमके या कात्रीत असतात.

फ्रान्समधील नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांनी १८७८च्या सुमारास वाचनक्रियेचा अभ्यास सुरू केला. वाचताना डोळा ओळीवरून एकसारखा सरकत नाही, तर थांबत थांबत छोट्या उड्या घेतो, ही गोष्ट त्यांच्या काळापासून सर्वमान्य झाली. रोमन शब्दाचा खालचा अर्धा भाग झाकला तरी तो बहुधा वाचता येतो, वरचा झाकला तर मात्र अडखळायला होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अक्षराचे सगळे भाग सारखेच महत्त्वाचे नसतात, हा त्याचा अर्थ. काचबिंदूने जाव्हाल यांची स्वतःची दृष्टी पुढे पूर्ण गेली. वाचन आणि लेखन यांच्या शरीरशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९०५ मध्ये, म्हणजे ते अंध झाल्यानंतर प्रसिद्ध झाला.

शाई आणि कागद

धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकारासाठी पोलादी ठसा वेगळा कोरावा लागे. हे काम कष्टाचे होते, पण त्याचा एक फायदा होता. जाणकार कारागीर लहान आकाराचा ठसा कोरताना अक्षर थोडे रुंद करी, बारीक रेषा जाड ठेवी, पोटातली मोकळी जागा वाढवी. एकच चित्र लहान-मोठे करून वापरण्याची सोय नसल्याने हे शहाणपण आपोआप जपले गेले.

वर्तमानपत्रांचा खप वाढला तेव्हा स्वस्त कागद, वेगवान यंत्रे आणि पातळ शाई यांमुळे बारीक टाइप भरून जाऊ लागला. अमेरिकेतील लायनोटाइप कंपनीचे चॉन्सी ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये 'आयोनिक क्रमांक ५' हा टाइप खास वर्तमानपत्रांसाठी तयार करवला. त्यात अक्षराचा मधला भाग उंच होता आणि रेषांच्या जाडीत फारसा फरक नव्हता. १९३८ मध्ये त्यांनीच टेलिफोन डिरेक्टरीसाठी 'बेल गॉथिक' केला.

चाळीस वर्षांनी छपाईचे तंत्र बदलले आणि बेल गॉथिकच्या रेषा तुटक उमटू लागल्या. तेव्हा मॅथ्यू कार्टर यांच्याकडे नवा टाइप सोपवण्यात आला. 'बेल सेंटेनियल' या नावाने तो १९७८ मध्ये वापरात आला. त्याचा आकार अवघा ६ पॉइंट, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. कार्टर यांनी दोन रेषा मिळतात त्या कोपऱ्यांत खोल खाचा ठेवल्या. मोठा करून पाहिला तर हा टाइप उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. पण छापताना शाई पसरून त्या खाचांत भरते आणि अक्षर जसे हवे तसे दिसते. शाई पसरणार हे गृहीत धरून काढलेले हे अक्षर आहे. शिवाय त्यांनी प्रत्येक अक्षर आलेख कागदावर चौकट चौकट भरून तयार केले, कारण नव्या यंत्रात अक्षर ठिपक्यांनीच बनत होते.

ठिपक्यांचे अक्षर

ई-मेल सुरू झाली ती १९७१ मध्ये, रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला तेव्हा. पुढे अशी पत्रे ज्या पडद्यांवर वाचली गेली, त्यांपैकी १९७८चा 'व्हीटी १००' विशेष गाजला. त्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत आणि एक अक्षर ७ गुणिले ९ ठिपक्यांत बसवलेले असे. ८० हा आकडा १९२८च्या आयबीएमच्या छिद्रपत्रातून आलेला आहे. साध्या मजकुराच्या ई-मेलची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी, ही शिफारस त्याच परंपरेतली.

१९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिन्टॉश आला. त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते, म्हणजे एक ठिपका ०.३५ मिलिमीटरचा. त्यासाठी सुझन केअर यांनी 'मोनॅको', 'जिनिव्हा', 'शिकागो' असे टाइप ठिपक्या-ठिपक्याने रेखले. ९ पॉइंटचा टाइप म्हणजे बरोबर ९ ठिपके उंची. वरचे दांडे आणि खालची शेपटे यांची जागा सोडली की मधल्या भागाला सुमारे ५ ठिपके उरतात. ५ ठिपके म्हणजे १.८ मिलिमीटर. पडदा ६० सेंटीमीटरवर असेल तर वाचनाच्या उंबरठ्यासाठी २.१ मिलिमीटर लागतात. म्हणजे हे अक्षर वाचता येई, पण सुखाने नव्हे.

इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये 'युडोरा' हा ई-मेलचा प्रोग्रॅम याच मॅकिन्टॉशसाठी लिहिला. त्याच्यासोबत 'मिशावाका' नावाचा, सर्व अक्षरे समान रुंदीची असलेला, पडद्यासाठीचा टाइप येत असे. पत्रासाठी वेगळा टाइप देण्याला कारण होते. पत्रातील तक्ते अक्षरे मोजून आखलेले असत. रुंदी कमीजास्त झाली की रकाने विस्कटत. आणि ई-मेलच्या पत्त्यात इंग्रजी छोटा 'एल' आणि १, किंवा 'ओ' आणि शून्य यांची गल्लत झाली, तर पत्र पोहोचतच नाही. युडोराची मूळ संहिता २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सर्वांना खुली केली.

याच काळात एक गमतीचा घोळ झाला. मॅकिन्टॉशने इंचाला ७२ ठिपके धरले, तर विंडोजने ९६. त्यामुळे १० पॉइंटचे अक्षर एका पडद्यावर १० ठिपक्यांचे तर दुसऱ्यावर १३ ठिपक्यांचे होई. विंडोजवर नीट दिसणारे पत्र मॅकवर मुंगीच्या पावलांसारखे दिसे. यात पाठवणाऱ्याचा दोष नसे आणि वाचणाऱ्याचाही.

पुढच्या सुधारणा थोडक्यात सांगता येतील. जॉन वॉरनॉक यांनी १९८० मध्ये अक्षराच्या कडेला करड्या छटांचे ठिपके वापरून ते गुळगुळीत भासवण्याची पद्धत मांडली. १९९१च्या ट्रूटाइप तंत्रात, लहान आकारात कोणती रेषा कोणत्या ठिपक्यावर बसावी याच्या सूचना अक्षरासोबतच देता येऊ लागल्या. १९९६ मध्ये कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी 'व्हर्डाना' केला तो उलट्या क्रमाने: आधी ठिपक्यांची अक्षरे ठरवली आणि मग त्यांना साजेशी वळणे काढली. त्यात मोठा 'आय', छोटा 'एल' आणि १ हे तिन्ही वेगळे ओळखता येतात. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'क्लिअरटाइप' जाहीर केले. त्यात ठिपक्यातील लाल, हिरवा व निळा हे भाग वेगवेगळे उजळून आडवी सूक्ष्मता वाढवली जाते. २०१०च्या आयफोन ४ मध्ये इंचाला ३२६ ठिपके आले. ३० सेंटीमीटरवर एक कला म्हणजे ०.०८७ मिलिमीटर आणि हा ठिपका ०.०७८ मिलिमीटरचा. ठिपका डोळ्याच्या मर्यादेखाली गेला. ठिपक्यांचा प्रश्न मिटला, पण आकाराचा राहिलाच.

देवनागरीचे तीन मजले

रोमन अक्षरे एका पट्टीत बसतात. काहींचे दांडे तेवढे वर जातात आणि काहींची शेपटे खाली. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, शिरोरेषेखाली मूळ अक्षर, त्याखाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. 'राष्ट्र' हा शब्द चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक ठिपका मानून काढून पाहावा. ९ चौकटींची उंची किती अपुरी आहे, ते लगेच कळते.

खिळ्यांच्या काळातही ही अडचण होतीच. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी नागरी टाइप घडवला. तिथे लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या बारीक पण स्वच्छ टाइपाची कीर्ती देशभर झाली. तिथे ओळीची उंची अक्षरासाठी ठरवली जात असे. पडद्यावर उलटे घडले: ओळीची उंची रोमन लिपीने आधीच ठरवली होती आणि त्यात देवनागरीला अंग चोरून बसावे लागले. तीन मजले एका मजल्याच्या जागेत बसवले की प्रत्येक मजला बुटका होतो. म्हणून इंग्रजी आणि मराठी दोन्ही मजकूर १० पॉइंटचेच असले तरी मराठी लहान दिसतो.

याचा फटका अर्थाला बसतो. 'मेल' आणि 'मैल', 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'घर' आणि 'धर', 'बंद' आणि 'बद' यांतील फरक एखाद्या मात्रेचा, गाठीचा किंवा ठिपक्याचा आहे. सराईत वाचक संदर्भाने चूक सुधारून घेतो. नुकते वाचायला शिकलेले मूल तसे करू शकत नाही. त्याला जे दिसते तेच ते वाचते.

पडद्यावर देवनागरीला सन्मानाने बसवण्याच्या कामात मुंबईच्या रघुनाथ जोशी यांचे नाव घ्यावे लागते. आयआयटीत अक्षरकलेचे अध्यापन केलेल्या जोशी यांचा 'मंगल' हा टाइप विंडोज २००० सोबत आला आणि तेव्हापासून असंख्य मराठी पत्रे त्यात वाचली गेली. पुढे मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाने केलेला 'मुक्ता' सर्वांना मोफत उपलब्ध झाला.

आपल्या हाती काय

या इतिहासाचा उपयोग रोजच्या पत्रालाही करता येतो. बहुतेक ई-मेल प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि अधिकची कळ एकत्र दाबली की मजकूर मोठा होतो. पण त्याहून चांगली सोय 'थंडरबर्ड' या मोफत प्रोग्रॅममध्ये आहे. तिथे प्रत्येक लिपीसाठी टाइप, त्याचा आकार आणि 'याहून लहान नको' अशी किमान मर्यादा वेगवेगळी ठरवता येते. देवनागरीची मर्यादा रोमनपेक्षा दोन-तीन घरांनी वर ठेवली की दोन्ही मजकूर सारखे दिसू लागतात. पत्र पाठवतानाही एक पथ्य पाळावे. सूचना छायाचित्राच्या रूपात पाठवू नये. चित्र मोठे केले की ओळी पडद्याबाहेर जातात. मजकूर मजकुराच्याच रूपात असला तर तो वाचणाऱ्याच्या डोळ्यानुसार मांडला जातो.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवावासा वाटतो. पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र आणि पडदा यांवरील अक्षराची उंची मुलांना शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजू द्यावी. दहा ओळींच्या उंचीवरून एका ओळीची सरासरीही काढता येईल. मग वाचनाचे अंतर मोजून कोन काढावा आणि तो ०.२ अंशाशी ताडून पाहावा. हा आकडा रोमन लिपीच्या अभ्यासातून आलेला आहे. देवनागरीला तो पुरतो का, हे आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी सांगू शकेल. आणि फळ्यावरचे आपले अक्षर केवढे असावे, तेही.