बर्फाच्या मुलखात गरम पाण्याची आंघोळ

पूर्वी आपल्याकडे अनेक घरांत आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्यात पेटती लाकडे किंवा कोळसे आणि भोवती पाणी. चुलीवरच्या उघड्या पातेल्यापेक्षा बंबात कमी जळणात पाणी तापते. विस्तव चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असतो, आणि धुराबरोबर वर निघालेली उष्णताही वाटेत पाण्याला मिळते. ध्रुवप्रदेशात राहिलेल्या माणसांनी गेल्या सव्वाशे वर्षांत गरम पाणी कसे मिळवले, याचा इतिहास पाहू लागलो, की हीच युक्ती निरनिराळ्या रूपांत पुन:पुन्हा भेटते.

दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचे अ‍ॅमंडसेन-स्कॉट हे संशोधन केंद्र आहे. तिथल्या माणसांना आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन मिनिटे शॉवर घेता येतो, असा नियम आहे. केंद्राखाली सुमारे पावणेतीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी एकट्या अंटार्क्टिकाच्या बर्फात साठलेले आहे. मग पाण्याची एवढी काटकसर कशासाठी?

उष्णतेचा हिशेब

याचे उत्तर अठराव्या शतकात, ग्लासगो विद्यापीठात सापडते. तोवर अशी समजूत होती, की शून्य अंशाला पोचलेला बर्फ आणखी थोडीशी उष्णता मिळताच सगळा वितळतो. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाला हे पटेना. तसे असते तर वसंत ऋतूत डोंगरांवरचे सारे बर्फ एकाएकी वितळून महापूर आले असते. १७६० नंतरच्या काही वर्षांत त्याने प्रयोगांनी दाखवून दिले, की वितळताना बर्फ पुष्कळ उष्णता घेतो आणि तरीही त्याचे तापमान वाढत नाही. हाच अप्रकट उष्मा. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते!

आता आंघोळीचा हिशेब मांडू. आपल्या घरी नळाचे २० अंशांचे पाणी ४० अंशांपर्यंत तापवायला दर किलोग्रॅमला २० किलोकॅलरी पुरतात. दक्षिण ध्रुवावर वर्षाचे सरासरी तापमान उणे ४९ अंशांच्या आसपास असते. बर्फाचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या सुमारे निम्मा. म्हणजे उणे ५० अंशांचा बर्फ शून्यावर आणायला २५, वितळवायला ८० आणि ते पाणी तापवायला ४०, असे एकूण १४५ किलोकॅलरी. घरच्यापेक्षा सातपट! १५ लिटरच्या बादलीला सुमारे २,१७५ किलोकॅलरी लागतील. एक लिटर रॉकेल जाळून साधारण साडेआठ हजार किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एकही कॅलरी वाया गेली नाही तरी एका बादलीला पाव लिटर रॉकेल हवे. प्रत्यक्षात उघड्या भांड्याखाली निम्म्याहून अधिक उष्णता हवेत जाते.

बर्फाच्या प्रदेशात पाण्याची टंचाई ही खरे तर इंधनाची टंचाई असते.

नान्सेनची चूल

हे नीट ओळखणारा एक प्रवासी होता फ्रित्यॉफ नान्सेन. हा नॉर्वेजियन शास्त्रज्ञ १८८८ साली ग्रीनलंड ओलांडून गेला. पुढे १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजाची प्रसिद्ध उत्तरध्रुवीय मोहीम त्याने काढली. त्याने तयार केलेल्या चुलीत आत अन्नाचे भांडे, त्याभोवती कड्यासारखे दुसरे भांडे आणि वर तिसरे, अशी रचना होती. बाहेरच्या आणि वरच्या भांड्यांत बर्फ भरायचा. आतल्या भांड्याला तापवून निघालेले गरम वायू बाहेर पडण्याआधी या बर्फाला वितळवत जात. अन्न शिजे आणि त्याच आचेवर पाणीही मिळे. नान्सेनच्या हिशेबाप्रमाणे या चुलीत सुमारे नव्वद टक्के उष्णता कामी येई. आपला बंब याच जातीचा.

चुलीत जळत होता प्रायमस स्टोव्ह. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली तो बनवला. पंपाने दाब दिलेले रॉकेल तापून त्याची वाफ होते आणि ती काजळीविना निळ्या ज्योतीने जळते. पुढे याच घराण्याचे स्टोव्ह आपल्या स्वयंपाकघरांत दीर्घकाळ फरफरत होते.

एवढे असूनही आंघोळ ही चैन नान्सेनला परवडली नाही. १८९५-९६ चा हिवाळा त्याने सोबती योहानसेनबरोबर फ्रान्झ योसेफ लँडवर दगड आणि कातडी यांच्या खोपटात काढला. जळण म्हणून वॉलरसची चरबी होती. तिच्या तेलकट मेणचटाने कपडे अंगाला चिकटत. साबण नव्हता. कपडे उकळूनही साफ होईनात, तेव्हा चाकूने खरवडून काढावे लागले.

रॉकेल संपले की पाणी संपले

अंटार्क्टिकात १९११-१२ साली दोन तुकड्या दक्षिण ध्रुवाकडे निघाल्या. नॉर्वेच्या रोआल अ‍ॅमंडसेनच्या तळावर नऊ जणांनी हिवाळा काढला. त्यांनी भोवतीच्या बर्फात खोल्या खोदल्या होत्या. त्यांतल्या एकीत प्रायमसच्या उष्णतेवर बाष्पस्नानाची सोय होती. वाफेने अंग शेकायला पाणी थोडेच लागते, आणि एक ग्रॅम वाफ त्वचेवर निवून पाणी होताना पाचशेच्या वर कॅलरी देऊन जाते. थोडक्या पाण्यात पुष्कळ ऊब मिळवण्याचा हा मार्ग.

इंग्रज कप्तान स्कॉटची हकिगत दु:खद आहे. परतीच्या वाटेवर पेरून ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यांत तेल कमी भरले. झाकणांच्या चामडी चकत्यांमधून ते झिरपून उडून गेले होते. अ‍ॅमंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. मार्च १९१२ मध्ये वादळाने स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स तंबूत अडकले. पुढचा मोठा साठा सुमारे १८ किलोमीटरवर होता. वादळ सुरू झाले तेव्हा त्यांच्याकडे खाणे दोन दिवसांचे होते आणि तेल माणशी दोन कप चहापुरते. तेल संपल्यावर तंबूभोवतीच्या अथांग बर्फातून प्यायला एक पेलाभर पाणीही मिळणार नव्हते. त्या तिघांच्या मृत्यूला थंडी, भूक आणि थकवा यांबरोबर चामड्याच्या चकत्याही कारण झाल्या.

बर्फातली विहीर

दक्षिण ध्रुवावर माणसे कायम राहू लागली ती १९५७ पासून. त्या वर्षी १८ जणांनी तिथे पहिला हिवाळा काढला. सप्टेंबरमध्ये तापमान उणे ७४.५ अंशांपर्यंत उतरले. पाण्यासाठी त्यांनी बर्फात भुयार खणले. तिथला बर्फ ओढून आणायचा आणि वितळवायच्या टाकीत टाकायचा, हे रोजचे काम होते.

मोठा बदल डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांनी घडवला. जनित्रात जळणाऱ्या तेलाच्या साधारण एक-तृतीयांश ऊर्जेचीच वीज होते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवातून आणि धुराड्यातून बाहेर पडते. वीज तर हवीच असते. मग ही फुकट जाणारी उष्णता बर्फ वितळवायला लावली, तर पाण्यासाठी फारसे वेगळे तेल जाळावे लागत नाही.

पुढची पायरी ग्रीनलंडमध्ये चढली गेली. तिथे १९५९-६० साली अमेरिकी सैन्याने ‘कँप सेंच्युरी’ हा बर्फाखालचा तळ बांधला. अभियंता रॉड्रिग्ज याने तिथे बर्फातच विहीर करण्याची पद्धत बसवली. बर्फात भोक पाडून खोलवर वाफ किंवा गरम पाणी सोडायचे. तिथे एक पोकळी होऊन तळे साठते. त्यातले थोडे पाणी वापरायला घ्यायचे आणि थोडे तापवून परत सोडायचे, म्हणजे तळे गोठत नाही आणि विहीर वाढत राहते. बर्फ ओढण्याचे कष्ट वाचतात. भोवतालचा बर्फ उष्णतेचा मंदवाहक असल्याने पांघरुणाचेही काम करतो.

१९९० च्या दशकात दक्षिण ध्रुवावरही अशी विहीर झाली. तिच्यात वितळलेला काही बर्फ इसवी सन ११०० ते १५०० या काळात पडलेला होता. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जात होती त्या सुमारास पडलेल्या हिमाच्या पाण्याने तिथले शास्त्रज्ञ अंग धूत होते! शतकानुशतके त्या हिमाबरोबर अवकाशातून आलेले सूक्ष्म उल्काकणही पडले होते. बर्फ वितळला तसे ते विहिरीच्या तळाशी बसले. १९९५ साली यंत्र सोडून तो गाळ गोळा केला गेला. त्यावरून पृथ्वीवर दरवर्षी किती उल्काकण येतात याचा अंदाज बांधता आला.

आपली केंद्रे

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३-८४ साली समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभे राहिले. तिथे बर्फ वितळवणे भाग होते. काही वर्षांत ते बर्फाखाली गाडले गेले. १९८९ पासूनचे ‘मैत्री’ केंद्र शिर्माखर या उघड्या खडकाळ भागात, एका तळ्याकाठी आहे. या तळ्याला प्रियदर्शिनी म्हणतात. हिवाळ्यात वरचा थर गोठला तरी खाली पाणी राहते. म्हणजे किलोमागे ८० किलोकॅलरी वाचल्या! २०१२ साली सुरू झालेल्या ‘भारती’ केंद्रात समुद्राचे पाणी क्षार काढून वापरतात.

आंघोळीचा हिशेब पाणी तापले म्हणजे संपत नाही. वापरलेले साबणाचे पाणी कुठे जाते? कँप सेंच्युरीने ते बर्फातच सोडले. १९६७ पर्यंत तळ बंद झाला. सांडपाणी आणि डिझेल तिथेच राहिले. हवामान तापत गेल्यास ते कधीतरी वर येईल, असा इशारा २०१६ साली शास्त्रज्ञांनी दिला. अंटार्क्टिकासाठी १९९१ साली माद्रिद येथे पर्यावरण-संरक्षणाचा करार झाला. त्यानुसार बर्फमुक्त जमिनीवर वा गोड्या पाण्यात सांडपाणी सोडता येत नाही. ज्या तळ्याचे पाणी प्यायचे, त्याच्या काठी हा नियम फार महत्त्वाचा.

वर्गात करून पाहा

वितळू लागलेल्या बर्फाचे २०० ग्रॅम तुकडे पातेल्यात घ्या. मंद, स्थिर आचेवर ढवळत ठेवा. सगळा बर्फ वितळायला किती मिनिटे लागली ते लिहा. आच तशीच ठेवून पाणी ८० अंशांवर यायला किती वेळ लागतो तेही मोजा. दोन्ही वेळा साधारण सारख्या येतील. दुसरी थोडी जास्त आली, तर वाढीव उष्णता कुठे गेली, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मग पातेल्यावर झाकण ठेवून तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा.